एकरी बाराशे आणि नोव्हेंबरातले ते पाच दिवस

पत्र थोडक्यात: वाचक तासगाव तालुक्यातले, वय 31, कृषी पदवीधर. सहा वर्षं शेतीऔषधांच्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी होते, शेवटचा पगार महिना 32,000. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आणि द्राक्षबागांना स्वतंत्रपणे सल्ला द्यायला लागले. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या फळछाटणीपासून काढणीपर्यंत एकरी 1,200 रुपये, दर दहा दिवसांनी एक व्हिजिट. काढणीनंतर एप्रिलच्या सुमारास होणाऱ्या खरड छाटणीनंतरचा उन्हाळी सल्ला ‘आपल्याच माणसांचं काम’ म्हणून फुकट. गेल्या हंगामात 62 बागायतदार आणि 110 एकर झाले. ठरलेले 1,32,000, पाडव्यापर्यंत हातात आले 97,000. नोव्हेंबरात पाऊस आणि धुकं लागून आलं तेव्हा एका दोन एकरांच्या बागेत त्यांना पाच दिवस पोहोचता आलं नाही. घडात डाऊनी हा बुरशीचा रोग शिरला. शेतकरी काही बोलला नाही, त्याने पैसेही दिले नाहीत, आणि यांना मागवत नाहीत. दरम्यान एका कृषी सेवा केंद्राने सांगितलंय, ‘आमची औषधं फवारणीच्या शेड्यूलमध्ये लिहा, दहा टक्के तुमचे.’ एक शेतकरी उत्पादक कंपनी 25 एकर एकदम द्यायला तयार आहे, पण एकरी 800 ने. पत्नीचं म्हणणं, नोकरी बघा. वाचक विचारतात, ‘मी शेतकऱ्याचाच मुलगा. दर वाढवला तर लोक म्हणतील, दोन वर्षांत हवा डोक्यात गेली. वाढवू का? की दुकानदाराचं ऐकू?’

नमस्कार,

तुम्ही पत्रात सगळे आकडे दिलेत, फक्त त्यांची बेरीज-वजाबाकी शेवटपर्यंत नेलेली नाही. आधी ती करू, मग बाकीचं बोलू.

हंगाम साधारण 130 दिवसांचा. तुम्ही लिहिलंय, रोज गाडी 90 किलोमीटर फिरते. म्हणजे 11,700 किलोमीटर. लिटरला 45 चं मायलेज आणि पेट्रोल 105 रुपये धरलं तर 27,300 रुपये पेट्रोलचे. टायर, सर्व्हिसिंग, मोबाइल मिळून 9,000 तुम्हीच सांगितलेत. हातात आलेल्या 97,000 मधून हे गेले की उरतात 60,700. सकाळी सातला बाहेर पडून शेवटचं शेड्यूल पाठवेपर्यंत रोजचे दहा तास, म्हणजे 1,300 तास. तासाला 47 रुपये पडले. तुमच्याच घरच्या दीड एकर बागेत घडांच्या विरळणीला येणाऱ्या बायकांना तुम्ही आठ तासांचे 400 देता, म्हणजे तासाला 50. त्यांची मजुरी काही फार नाही आणि त्यांचं काम सोपंही नाही. पण त्यांच्याच शेजारच्या ओळीत उभं राहून त्या बागेचे निर्णय घेणाऱ्या माणसाला त्यांच्यापेक्षा कमी पडतात, आणि त्यातही उन्हाळ्यातल्या फुकटच्या फेऱ्या धरलेल्या नाहीत.

हा आकडा तुम्हाला वाईट वाटावं म्हणून काढला नाही. पत्नी ‘नोकरी बघा’ म्हणते तेव्हा ती बहुधा हाच आकडा मनात धरून बोलत असते. तिच्यासमोर डायरी घेऊन एकदा बसा. तिचा विरोध तुमच्या कामाला आहे की या 47 रुपयांना, हे तिला विचारल्याशिवाय धरून चालू नका.

आता पत्रातल्या एका वाक्यापाशी मला थांबायचं आहे. तुम्ही लिहिता, ‘दर कमी ठेवला म्हणून तर एवढे शेतकरी जोडले गेले.’ खरं आहे. आणि नोव्हेंबरातले ते पाच दिवस त्याच वाक्यातून आले.

तुम्ही स्वतःला दोष देताय की मी आळस केला, अंदाज चुकला. मला तसं दिसत नाही. 62 बागायतदार आणि दहा दिवसांनी एक व्हिजिट, म्हणजे रोज सहा. कोरड्या हवेत रोज सहा बागा होतात. चहा घेऊन, दोन गोष्टी बोलूनही होतात. पण डाऊनी कोरड्या हवेत येत नाही. पानं, घड रात्रभर ओले राहिले की तो काही तासांत आत शिरतो आणि पानामागची पांढरी बुरशी दिसायला पुढे चार-पाच दिवस जातात. हे मी तुम्हाला शिकवायला नको. अशा हवेत सगळ्या 62 जणांना तुम्ही तीन दिवसांत हवे असता, म्हणजे दिवसाला वीस बागा, त्याही पलूसपासून कवठेमहांकाळपर्यंत पसरलेल्या. चिखलात गाडी रुतते, फवारणीचा ट्रॅक्टर ओळीत शिरत नाही, आणि फोन खिशात सतत वाजत असतो. कुणीतरी पाच दिवस राहणारच होतं. ते कोण, एवढंच नशिबाने ठरवलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं: तुमची क्षमता चांगल्या हवेत मोजू नका. वाईट हवेच्या तीन दिवसांत तुम्ही किती बागा पाहू शकता, तेवढेच तुमचे शेतकरी. दिवसाला दहा धरले तर तीस. बाकीच्या दिवसांत तुमच्याकडे थोडी सवड उरेल. त्या सवडीचे पैसे फीमध्ये असले पाहिजेत, कारण शेतकरी खरं तर तीच विकत घेत असतो: गरज पडेल त्या दिवशी तुम्ही त्याच्या बांधावर असणार, ही खात्री. बाराशे रुपयांत ती बसत नाही. तुम्ही ती मनापासून कबूल करता, पण पाळायला दिवसाचे तास पुरत नाहीत.

हे फक्त द्राक्षाचं नाही. कुपवाडच्या फौंड्रीला कास्टिंगचं रिजेक्शन कमी करून देणारा इंजिनिअर, छोट्या दुकानांचं जीएसटी बघणारी मुलगी, मिरजेतल्या दवाखान्यांना संगणक व्यवस्था लावून देणारा तरुण, यांचीही तीच गोष्ट. एरवीचे दिवस निभतात. रिजेक्शन एकदम वाढलं, रिटर्नची शेवटची तारीख आली, सगळ्यांचा सर्व्हर एकाच सकाळी बसला, की कमी दरात गोळा केलेली गर्दी एकदम दारात उभी राहते.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. नोकरी सोडल्यावर मी बरीच वर्षं लहान उद्योगांना बँकेच्या कर्जासाठी प्रकल्प अहवाल करून देत होते. माझा दर सगळ्यात कमी होता आणि मला त्याचं समाधान वाटायचं. धडपडणाऱ्या माणसाला मदत होते असं वाटायचं. एका मार्चमध्ये हातात अकरा अहवाल होते. एका पावडर कोटिंगच्या युनिटचा अहवाल करताना वेळ नव्हता म्हणून विजेच्या खर्चाचं पान मी आदल्या अहवालातून तसंच उचललं. आधीचं युनिट होतं पॅकिंगचं. पावडर कोटिंगला भट्टी लागते, वीज कितीतरी जास्त. बँकेतल्या साहेबांनी पहिल्याच वाचनात ते पान काढलं आणि फाइल परत पाठवली. नवे आकडे, नवी सही, नवी बैठक, यात दोन महिने गेले. तोवर त्या मुलाला मिळालेली ऑर्डर दुसरीकडे गेली. तो माझ्या घरी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही पाचशे रुपये जास्त घेतले असते तर चाललं असतं ओ.’ ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. कमी पैसे घेऊन मी त्याला स्वस्त पडले असं मला वाटत होतं. त्याला मी किती महाग पडले ते तो सांगत होता.

तुमच्या मनातली दुसरी गाठ, ‘शेतकऱ्याला परवडत नाही.’ तुमच्याच घरच्या दीड एकराचं औषध-खताचं बिल गेल्या हंगामात 1,60,000 झालं असं तुम्ही लिहिलंय. एकरी एक लाखाच्या वर. त्यात काय मारायचं, कधी मारायचं आणि मुख्य म्हणजे कधी काहीच मारायचं नाही, हे ठरवणाऱ्याला बाराशे. शंभराला एक रुपयाच्या आसपास. तुमच्या सल्ल्याने हंगामात एक अनावश्यक फवारणी टळली, तरी औषध, डिझेल आणि मजुरी मिळून तुमच्या सध्याच्या फीएवढे पैसे वाचत असतील. किती फवारण्या टळल्या याची नोंद तुम्ही ठेवता का? पत्रात तरी दिसली नाही. ठेवा. पुढच्या वर्षी दर सांगताना तुमच्या तोंडून दुसरं काही निघायची गरज पडणार नाही.

माहिती तर आज फुकटच आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा हवामानावर आधारलेला सल्ला मोबाइलवर वाचता येतो, बागायतदार संघाची चर्चासत्रं होतात, आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर तर दिवसरात्र सल्ल्यांचा पाऊस. तरीही शेतकरी तुम्हाला बोलावतो, कारण तो सल्ला त्याच्या काडीच्या जाडीवर, त्याच्या जमिनीवर, आदल्या दिवशीच्या फवारणीवर बसवून द्यायला माणूस लागतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढायला दिली तर कारागीर घोडीवर थोडंसं घासतो, तार छेडून ऐकतो, परत थोडं घासतो. लाकूड तुमचं, तारा तुमच्या. तो पैसे घेतो ते कानाचे. कुणी त्याला ‘नुसतं घासलंच तर आहे’ म्हणत नाही. तुम्ही मात्र स्वतःच स्वतःला तसं म्हणताय.

आता दुकानदाराचा प्रस्ताव. यावर जरा जास्त बोलते, कारण हा मोह तुमच्या एकट्याचा नाही, आणि तो वाईट माणसालाच होतो असंही नाही.

कृषी सेवा केंद्रात सल्ला फुकट मिळतो, कारण त्याची किंमत बाटलीत असते. कितीतरी दुकानदार प्रामाणिकपणे चांगला सल्ला देतात, उधारी सांभाळतात, अडीनडीला मदत करतात. त्यांचा धंदा सगळ्यांना दिसतो आणि त्यात काही गैर नाही. तुमची जागा वेगळी आहे. शेतकरी तुम्हाला वेगळे पैसे देतो ते याचसाठी की तुमच्या शब्दामागे बाटली नसावी. दहा टक्के घ्यायला लागलात की ‘या आठवड्यात काही मारू नका, हवा कोरडी आहे’ हे वाक्य तुम्हाला महाग पडायला लागेल. पहिल्या वर्षी तरीही तुम्ही ते म्हणाल. तिसऱ्या वर्षी म्हणाल का, हे मी तुमच्यासाठी सांगू शकत नाही. आणि तासाला 47 रुपये मिळवणाऱ्या माणसाला हा मोह टाळणं, पोटापुरतं मिळवणाऱ्यापेक्षा फार अवघड जातं. म्हणून तुमचे दोन प्रश्न मला एकच वाटतात. दर नीट नसला की कमिशन आज ना उद्या दार ठोठावणारच.

आणि शेड्यूलमधल्या एका ओळीची जबाबदारी केवढी असते, हे द्राक्षवाल्यांनी 2010 साली पाहिलंय. त्या हंगामात युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा, बागेत ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचा, अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. माल अडकला, निर्यातदार आणि बागायतदार दोघांनाही मोठा फटका बसला. तेव्हापासून काढणीच्या किती दिवस आधी काय थांबवायचं हे शेतकरी किती काळजीने विचारतो, तुम्ही रोज पाहता. त्या प्रश्नाचं उत्तर देणाऱ्याचे हात मोकळे पाहिजेत.

औषध विकायचंच असेल तर उघडपणे विका. कीटकनाशक विक्रीला परवाना लागतो, तुमची पदवी त्याला चालते. दुकान काढा, पाटी लावा, सल्ला फुकट म्हणा. तो सरळ रस्ता आहे. सल्लागार म्हणून फी आणि मागच्या दाराने कमिशन, हे दोन्ही एकदम नको.

‘शेतकरी सोडून जातील’ या भीतीकडे येते. तीही आकड्यांनीच बघू. समजा तुम्ही फळछाटणीचा दर 2,500 केला आणि निम्मे लोक गेले. उरले 31 बागायतदार, 55 एकर. 55 गुणिले 2,500 म्हणजे 1,37,500. आत्ताच्या ठरलेल्या रकमेपेक्षा साडेपाच हजार जास्त, पेट्रोल निम्म्यावर, आणि वाईट हवेच्या तीन दिवसांत सगळ्यांच्या बांधावर पोहोचता येईल एवढी माणसं. तुम्हाला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त धास्ती वाटते, ती घडली तरी तुम्ही आजच्यापेक्षा बरे राहता. तुमच्या तालुक्यातले जुने सल्लागार 3,000 घेतात असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तेवढे देणारी माणसं तिथे आहेत. ती तुमच्याकडे का आली नाहीत याचं एक कारण कदाचित तुमचा दरच असेल. बाराशेत माणूस किती वेळ देणार, हा हिशोब शेतकरीही करतो.

आणखी एक. गेलेले निम्मे कोण असतील? 35,000 ची थकबाकी कोणाकडे आहे ती यादी काढून बघा. मला वाटतं, दोन्ही याद्या बऱ्याच जुळतील.

उन्हाळी सल्ला फुकट देणं मात्र आधी थांबवा. हे मला पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. खरड छाटणीनंतरच काडीत सूक्ष्म घड तयार होतात. ऑक्टोबरात घड दिसणार की नाही ते मे-जूनमध्ये ठरून गेलेलं असतं. म्हणजे पिकाचा पाया जिथे पडतो ते काम तुम्ही फुकट करता, आणि लोकांच्या मनात आपोआप बसतं की उन्हाळ्यातलं काम बिनमहत्त्वाचं. उन्हाळी सल्ल्याला वेगळी फी लावा, सुरुवातीला एकरी 1,000. बोलायची वेळ आत्ताच आहे, कात्री लागायच्या आधी. हंगामाच्या मध्यावर दर कधीच वाढवू नका. डिपिंगच्या, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याच्या, तोंडावर पैशाचं बोललात तर शेतकऱ्याला कोंडीत धरल्यासारखं वाटेल आणि ते बरोबरच असेल.

कसं सांगायचं, असं विचाराल. बैठक बोलावू नका, गटावर जाहीर करू नका. एकेकाला त्याच्या बागेत भेटा, आणि घरी आल्यावर लेखी पाठवा. साधारण असं:

‘तात्या, नमस्कार. यंदापासून मी तीसच बागायतदारांचं काम घेणार आहे, म्हणजे पावसाळी हवेत तीन दिवसांच्या आत प्रत्येकाच्या बागेत पोहोचता येईल. खरड छाटणीनंतरचा सल्ला एकरी 1,000, पाच व्हिजिट. फळछाटणीपासून काढणीपर्यंत एकरी 2,500, बारा व्हिजिट, आणि हवा बिघडली की जादा फेरी त्यातच. फोन संध्याकाळी सात ते नऊ; पावसात कधीही. तुमची जागा मी धरून ठेवली आहे. आठ दिवसांत कळवा, नाही जमलं तरी आपला संबंध आहे तसाच राहील.’

यात कुठेही माफी मागितलेली नाही आणि महागाईचं कारणही पुढे केलेलं नाही. जास्त पैशात त्याला जास्त काय मिळणार, ते पहिल्याच ओळीत आहे. शब्द तुमच्या तोंडात बसतील तसे बदला, पण व्हिजिटांची संख्या आणि फोनची वेळ काढू नका. न मोजलेलं काम वाढत जातं, आणि रात्री अकराला आलेला पानाचा फोटो हीसुद्धा एक व्हिजिटच असते.

ज्यांचं काम तुम्ही घेतलेलं नाही त्यांचेही फोटो येत राहतील. त्यांना तोडून बोलू नका. ‘एका फोटोवरून सांगितलं तर चुकेल, बाग बघायला लागेल, एका व्हिजिटचे 700 घेतो’ एवढं पुरे. खरंच गरज असलेला बोलावेल.

पैसे कधी घ्यायचे याचाही विचार करा. तुम्ही माल गेल्यावर घेता. आपल्याकडे व्यापारी माल उचलून पैसे बुडवून पसार झाल्याच्या गोष्टी दर हंगामात ऐकू येतात. शेतकऱ्याचेच पैसे अडकले तर तुम्ही कोणत्या तोंडाने मागणार? म्हणून तीन हप्ते करा: छाटणीला पहिला, डिपिंगच्या वेळी दुसरा, काढणीच्या आठ दिवस आधी शेवटचा. ‘जास्त माल निघाला तर जास्त द्या’ असा सौदा कुणी सुचवला तर घेऊ नका. ऐकायला तो न्यायाचा वाटतो. पण 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात जो पाऊस झाला, त्यात उत्तम सल्ला घेतलेल्या बागाही गेल्या. आभाळाची जोखीम शेतकरी घेतोच आहे, ती तुमच्या बाराशेवर किंवा पंचवीसशेवर टाकून त्याची हलकी होत नाही.

भावकीचं काय? ‘पाहुण्यांकडून कसे घ्यायचे’ हे तुमचं दुखणं मला कळतं, माझं माहेरही वाळव्याकडचं. ज्यांचं फुकट करायचं त्यांची नावं वर्षाच्या सुरुवातीला वहीत लिहा. तीन लिहा, चार लिहा, तुमची ऐपत असेल तेवढी. ती तीसमध्येच धरा. बाकी सगळ्यांना एकच दर. फुकट करायचं ते ठरवून केलं की ते देणं होतं. संकोचापोटी राहून गेलं की मनात अढी राहते, आणि ती पुढच्या लग्नकार्यात दिसते.

शेतकरी उत्पादक कंपनीच्या 25 एकरांना लगेच नकार देऊ नका, आधी दोन गोष्टी विचारा. बागा एकाच शिवारात आहेत का, आणि पैसे व निरोप एकाच ठिकाणाहून येणार का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल, तर एका फेरीत चार-पाच बागा होतात, पेट्रोल वाचतं, वसुलीची डोकेदुखी नाही; फळछाटणीला एकरी 2,000 पर्यंत उतरायला हरकत नाही, आणि तेवढे शेतकरी तीसमधून वजा करा. बागा विखुरलेल्या असतील आणि चौदा जणांचे चौदा फोन येणार असतील, तर ती घाऊक ऑर्डर नाही, किरकोळच आहे, फक्त दर घाऊकचा मागताहेत. आठशेला मात्र कुठल्याच परिस्थितीत हो म्हणू नका. तो आकडा तालुक्यात दोन दिवसांत पसरेल आणि पंचवीसशे देणारा तुम्हाला जाब विचारेल.

आता प्रामाणिकपणे पुढचं चित्र. 55 एकर, उन्हाळी आणि फळछाटणी मिळून एकरी 3,500, म्हणजे 1,92,500. वर्षाचा खर्च 28,000 च्या आसपास धरला तर महिन्याला चौदा हजारांच्या आतच उरतात. घरच्या दीड एकराचं उत्पन्न वेगळं. पगाराच्या 32,000 पुढे हे अजून कमीच आहे, आणि ते पत्नीपासून लपवू नका. पुढच्या वर्षी 3,000 आणि 1,500, साठ एकर, असं गेलात तर 2,70,000 होतात. दोन हंगामांची मुदत दोघांनी मिळून ठरवा. तेवढ्यात घर चालेल असा आकडा आला नाही, तर नोकरीकडे परत जाण्यात कमीपणा काही नाही. सहा वर्षांच्या अनुभवात ही दोन वर्षं जमेलाच धरली जातील.

एक छोटी गोष्ट, कारण बऱ्याच जणांचा इथे गैरसमज असतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी शेतीच्या सल्ल्याची फी शेतीचं उत्पन्न नसते. आज तुमच्यावर कर बसत नाही, तरी फीची पावती द्या, पैसे शक्य तेवढे खात्यावर घ्या आणि रिटर्न भरत जा. उद्या गाडीसाठी किंवा ठिबकसाठी कर्ज मागायला गेलात तर दोन-तीन वर्षांचे कागद हातात असतील.

राहिला तो दोन एकरांचा शेतकरी. त्याच्याकडे खरड छाटणीच्या आधी जा, फोन नको. बागेत उभं राहून सांगा की त्या पाच दिवसांत मी यायला हवं होतं, आलो नाही, आणि का आलो नाही. त्याने बोललं तर ऐकून घ्या. मग 2,400 रुपयांची पावती त्याच्यासमोर लिहा, पूर्ण रकमेची, आणि त्यातले जेवढे तुम्हाला सोडावेसे वाटतील तेवढे स्वतःच्या हाताने खाली वजा करा. मी तुमच्या जागी असते तर निम्मे सोडले असते. सगळे सोडू नका. आधीच्या दीड महिन्यात तुम्ही त्याच्या बागेत घातलेल्या फेऱ्या खऱ्या होत्या, आणि त्यालाही ते माहीत आहे. निघताना त्या डाऊनी लागलेल्या ओळींच्या काड्या नीट बघून घ्या, तिथली कात्री कुठे लावायची ते त्याला दाखवा, आणि यंदाच्या तीसमध्ये त्याची जागा आहे का ते तिथेच विचारा.